आभाळात कोलांट्या मारणारी कबुतरं

पुण्याच्या पेठांमधून जाताना संध्याकाळी कधी मान वर करून पाहिलंय का? खाली रिक्षांचे हॉर्न, भाजीवाल्यांचा गलका, धड चालायलाही जागा नाही. आणि वर, जुनी कौलं आणि नव्या इमारतींच्या पाण्याच्या टाक्या यांच्याही वर, पंधरा-वीस कबुतरांचा थवा गोल गोल फिरत असतो. दूर कुठे जात नाही. एकाच गच्चीभोवती त्याच्या घिरट्या चाललेल्या असतात. नीट पाहत राहिलात आणि नशीब जोरावर असलं, तर त्यातलं एखादं कबुतर मध्येच शेपटी पसरतं, क्षणभर हवेत थबकल्यासारखं होतं आणि पाठीमागे चक्क कोलांटी मारतं! तुम्ही ‘अरे!’ म्हणेपर्यंत ते परत थव्यात सामील झालेलं असतं.

शनिवारवाड्याच्या तटात किंवा मंडईच्या मनोऱ्यावर घुमत बसणारे पारवे ते हे नव्हेत. ही पाळलेली कबुतरं. जुने पुणेकर त्यांना ‘गिरेबाज’ म्हणतात. मूळ शब्द गिरहबाज. ‘गिरह’ म्हणजे गाठ, आणि हिंदीत कोलांटीलाही गिरह म्हणतात. हवेत अंगाची गाठ मारतो तो गिरेबाज! आता मात्र आपल्याकडचे शौकीन कोलांटीपेक्षा कबुतर किती उंच जातं आणि किती तास वर राहतं, याचंच कौतुक जास्त करतात. त्यामुळे नाव राहिलं आणि कोलांटी कमी झाली. तिकडे इंग्लंडमध्ये उलटं झालं. बर्मिंगहॅम शहर आणि त्याच्या आसपासच्या कोळशाच्या, लोखंडाच्या गावांतल्या कामगारांनी कोलांटी मारणारी कबुतरं निवडून निवडून एक वेगळीच जात तयार केली. तिचं नाव बर्मिंगहॅम रोलर. हे कबुतर एक कोलांटी मारून थांबत नाही. एकामागून एक इतक्या भरभर मारतं, की पंख, डोकं, शेपटी काही वेगळं दिसतच नाही. लोकरीचा गुंडा वरून सोडावा तसं ते खाली येतं, मग एकदम सावरतं आणि परत वर आपल्या सोबत्यांमध्ये जातं.

माझ्या चौथीच्या वर्गातल्या एका मुलाने एकदा तासाला विचारलं, “बाई, कबुतरांना उडायला कसं शिकवायचं?” सगळा वर्ग खो खो हसला. माशाला कोणी पोहायला शिकवतं का? पण त्याचा प्रश्न मुळीच हसण्यासारखा नव्हता. खाऊचे पैसे साठवून त्याने एक जोडी आणली होती. चार दिवस खोक्यात ठेवली, दाणा-पाणी केलं आणि पाचव्या दिवशी मोठ्या हौसेनं गच्चीवर नेऊन सोडली. जोडीनं एक चक्कर मारली आणि गेली ती गेलीच. घरी बोलणी बसली ती वेगळीच. मग दिवाळीला मामाकडून मिळालेल्या पैशांतून दुसरी जोडी आणली. आता हिची तऱ्हा पाहा. दार सताड उघडलं तरी ती बाहेरच येईना! अंग फुगवून कोपऱ्यात बसून राही. एक जोडी थांबेना आणि एक जोडी निघेना. बिचाऱ्यानं करावं काय?

त्याच्या घराजवळ, गंज पेठेत, एका गच्चीवर कबुतरांची ढाबळ आहे. ढाबळ म्हणजे कबुतरांचं घर. फळ्यांचं, जाळीचं, आत खण खण केलेलं. तिचे मालक सत्तरीच्या घरातले. सगळी गल्ली त्यांना मामा म्हणते, म्हणून आम्हीही मामाच म्हटलं. त्यांच्याकडून जे कळलं आणि पुढे पुस्तकांतून जे वाचलं, ते तुम्हाला सांगते.

कोलांटी कोण शिकवतं?

मी पहिला प्रश्न हाच विचारला. मामा हसून म्हणाले, “कोण शिकवणार बाई? ती अंगातच असती. आपण शिकवायचं ते निराळंच.”

गंमत म्हणजे हेच सुमारे दीडशे वर्षांपूर्वी एका फार मोठ्या शास्त्रज्ञाने लिहून ठेवलंय. चार्ल्स डार्विन यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. सजीवांच्या जाती कशा बदलत गेल्या, हे सांगणारं त्यांचं पुस्तक १८५९ साली प्रसिद्ध झालं. त्यासाठी त्यांनी घरी निरनिराळ्या जातींची कबुतरं पाळली होती आणि लंडनच्या दोन कबुतर-मंडळांचे ते सभासदही झाले होते. एवढा मोठा माणूस, आणि साध्यासुध्या कबुतरवाल्यांच्या गप्पांत जाऊन बसायचा! त्यांनी पाहिलं, की ज्या पिल्लांनी दुसऱ्या कबुतराला कोलांटी मारताना कधीच पाहिलं नाही, ती पिल्लंसुद्धा मोठी झाल्यावर कोलांटी मारतात. म्हणजे हा गुण आई-बापांकडून रक्तातून येतो, नकलेतून नाही. लक्का कबुतराची मोरासारखी शेपटी असो की रोलरची कोलांटी असो, हे सगळे अखेर आपल्या भिंतीतल्या पारव्याचेच वंशज, हेही डार्विन यांनीच पटवून दिलं.

आपल्या देशात तर हा शौक त्याहूनही जुना. अकबर बादशहाच्या दरबारात वीस हजारांवर कबुतरं होती आणि त्यांतली पाचशे खास निवडीची होती, असं अबुल फजल याने ‘आईन-ए-अकबरी’त नोंदवलं आहे. कबुतरांच्या कसरतींना नावंसुद्धा होती. गोल गिरकी घेणं म्हणजे ‘चर्ख’ आणि उताणं होऊन उलटणं म्हणजे ‘बाजी’. बादशहाचा मुक्काम हलला, की भोई कबुतरांची घरंच खांद्यावर घेऊन चालत, आणि कबुतरं वरून त्यांच्याबरोबर उडत जात! घर पुढे चाललंय आणि घरचे आभाळातून मागोमाग येतायत. डोळ्यांपुढे आणून पाहा.

आणखी एक जात आहे, लोटण. तिची कोलांटी हवेत नाही, जमिनीवर. कबुतर हातात घेऊन जरा हलवलं आणि खाली ठेवलं, की ते गडबडा उलटायला लागतं आणि थांबायचं नावच घेत नाही. मग उचलून, तोंडावर फुंकर घालून त्याला शांत करावं लागतं. पूर्वी लोक हा ‘खेळ’ म्हणून दाखवत. मला काही तो खेळ वाटत नाही. कबुतराला ते थांबवताच येत नाही, आणि आपण टाळ्या वाजवायच्या? बर्मिंगहॅम रोलरमध्येही असं होतं. जास्तीत जास्त लांब कोलांट्यांच्या हौसेपायी चुकीच्या जोड्या लावल्या, तर एखाद्या पिल्लाला वेळेवर सावरता येत नाही आणि ते थेट जमिनीवर किंवा कौलांवर येऊन आपटतं. म्हणून चांगला पाळणारा सर्वांत लांब कोलांटीवाल्याला बक्षीस देत नाही. जो नेमका सावरतो आणि थव्यात परततो, त्याला तो जपतो.

आधी घर ओळखीचं

बरं, कोलांटी शिकवायची नाही, तर शिकवायचं काय? दोनच गोष्टी. बाहेर जाणं आणि परत येणं. त्यातही परत येणं आधी!

आमच्या विद्यार्थ्याची पहिली जोडी का गेली, हे मामांनी एका वाक्यात सांगितलं. “अरे बाळा, ती पळाली नाहीत. ती घरी गेली.” मोठं झालेलं कबुतर आपली ढाबळ विसरत नाही. चार दिवस काय, कित्येकदा चार महिने कोंडून ठेवलं तरी दार उघडताच ते जुन्या घराची वाट धरतं. म्हणून जाणते लोक विकत आणलेली मोठी जोडी उडवतच नाहीत. तिला मोकळ्या, उजेडाच्या जागेत जपतात, तिची पिल्लं होऊ देतात आणि ती पिल्लं उडवतात. पिल्लांचं घर हेच!

कबुतराची मादी बहुधा दोन अंडी घालते. नर आणि मादी दोघंही पाळीपाळीने ती उबवतात. साधारण अठरा दिवसांनी पिल्लं बाहेर येतात, आणि मग एक नवल घडतं. आई आणि बाबा, दोघांच्याही गळ्याखालच्या पिशवीत दह्याच्या गोळ्यांसारखं अन्न तयार होतं. त्याला कबुतराचं दूध म्हणतात. पहिले काही दिवस पिल्लं तेच पितात. (बाबासुद्धा दूध पाजतात हे वर्गात सांगितलं, तेव्हा मुली मुलांकडे बघून काय हसल्या!) चार-पाच आठवड्यांत पिल्लाला पिसं फुटतात, ते स्वतः दाणे टिपायला लागतं. आवाज मात्र अजून ‘चीं चीं’च असतो, घुमणं आलेलं नसतं. शिकवणी सुरू करायची ती नेमकी याच वयात. पंखांत फार बळ नसतं आणि सगळं जाणून घ्यायची उत्सुकता असते. पहिलीच्या मुलांसारखंच म्हणा ना.

पिल्लाला एकदम सोडायचं नाही. ढाबळीच्या दाराशी, छपरावर, तारेच्या जाळीचा एक पिंजरा ठेवतात. रोज थोडा वेळ पिल्लांना त्यात बसवायचं. ती तिथून काय करतात? नुसती बघतात. पलीकडची पाण्याची टाकी, खालचं पिंपळाचं झाड, लांबवर पर्वतीची टेकडी, सूर्य कुठून कुठे गेला, वारा कुठून आला. मान वाकडी करून एका डोळ्याने वर पाहतील, मग दुसऱ्या डोळ्याने. आपल्याला वाटतं उगाच बसलीयत, पण डोक्यात नकाशा काढणं चाललेलं असतं. आठ-दहा दिवस हे न कंटाळता करायचं.

कबुतराला घर सापडतं कसं, यावर शास्त्रज्ञ कितीतरी वर्षं प्रयोग करत आहेत. सूर्याच्या जागेवरून त्याला दिशा कळते. ढगाळ दिवशी पृथ्वीचं चुंबकत्व उपयोगी पडतं. वासाचाही आधार असतो. आणि ओळखीच्या मुलखात आल्यावर तर ते आपल्यासारखंच रस्ते बघून जातं! इंग्लंडमधल्या ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी कबुतरांवर छोटी यंत्रं बसवून त्यांचा माग काढला. तेव्हा २००४ साली असं जाहीर झालं, की कित्येक कबुतरं मोठ्या रस्त्यावरून उडत जातात आणि चौकात वळतात. आपल्याकडे असती तर सिंहगड रस्त्याने येऊन दांडेकर पुलापाशी वळली असती! पत्रं नेणारी कबुतरं या कलेत सर्वांत तरबेज. ओडिशाच्या पोलिसांनी १९४६ साली कबुतरांचं टपाल सुरू केलं होतं. १९९९ च्या महाचक्रीवादळात तारा-खांब सगळं आडवं झालं, तेव्हाही त्या कबुतरांनी निरोप पोचवले. आता ते टपाल बंद झालंय. पण आपले रोलर त्यांच्याइतके हुशार वाटाडे नाहीत बरं का. वाऱ्याबरोबर दोन-चार किलोमीटर वाहत गेले, तर ते सहज हरवू शकतात. म्हणून त्यांच्या बाबतीत ही पहिली शाळा जास्तच महत्त्वाची.

त्या पिंजऱ्याबरोबरच दुसरा धडा चालू असतो तो डब्याचा. एका पत्र्याच्या डब्यात ज्वारीचे दाणे घालून तो खुळखुळवायचा आणि लगेच खायला द्यायचं. एरवी कधी नाही. कोणी शीळ घालतं, कोणी “आव आव” करतं. हाक कोणतीही चालेल, पण रोज तीच हवी, आणि हाक मारून उपाशी ठेवायचं नाही. एकदा जरी फसवलंत तरी पिल्लू ते लक्षात ठेवतं. मामांनी डबा हातात घेतला मात्र, अजून हलवलाही नव्हता, तोच सगळ्या ढाबळीच्या माना वळल्या!

दार उघडण्याचा दिवस

आता खरी परीक्षा. दिवस स्वच्छ हवा, वारा पडलेला हवा. वेळ संध्याकाळच्या खाण्याआधी अर्धा-पाऊण तास. सकाळपासून पोटात थोडंच गेलेलं असावं, म्हणजे पिल्लं भुकेली असतील, पण गळालेली नसतील. दार उघडायचं आणि बाजूला होऊन बसायचं. बस्स.

इथेच बहुतेक मुलं घाई करतात. पिल्लू हातात धरून वर भिरकावतात, टाळ्या वाजवतात, काठी फिरवतात. असं घाबरून उडालेलं पिल्लू फक्त लांब जायचं बघतं. मागे वळून घर पाहायला त्याला फुरसतच नसते. आणि पंखांत बळ नसल्यामुळे कुठल्यातरी परक्या गच्चीवर उतरून बसतं. तिथून त्याला परतीची वाट माहीत नसते. पिल्लू स्वतःच्या पायांनी बाहेर यायला हवं. आधी उंबऱ्यावर येईल. परत आत जाईल. पुन्हा येईल, छपरावर चढेल, पंख ताणेल, दोन फूट उडून पुन्हा टेकेल. पहिले तीन-चार दिवस यापलीकडे काही घडलं नाही तरी चालेल. वीस मिनिटं झाली की डबा खुळखुळवायचा. सगळी आत आली की दार बंद आणि भरपूर खाणं. म्हातारी तरबेज कबुतरं त्या वेळी बाहेर सोडायची नाहीत. ती सरळ उंच जातात, पिल्लं त्यांच्यामागे ओढली जातात आणि मग दमून कुठेतरी पडतात.

मग एके दिवशी एखादं पिल्लू पलीकडच्या टाकीपर्यंत जाऊन येतं. दुसरं त्याच्यामागे जातं. आणि आठवड्या-दोन आठवड्यांत सगळी मिळून गच्चीभोवती पहिली वेडीवाकडी चक्कर मारतात. थवा जमायला लागतो. इतकं झालं की मग मात्र गच्चीवर रेंगाळू द्यायचं नाही. बाहेर आलं की उडायचं, आणि उतरलं की आत जायचं. कौलांवर तासभर ऊन खात बसायची सवय लागली, की थवा आळशी होतो आणि मांजराचं फावतं.

कोलांटी येते ती यानंतर, साधारण तिसऱ्या महिन्यापासून पुढे. काही कबुतरांना त्याहून बराच उशीर लागतो. आधी पिल्लू उडता उडता शेपटीवर बसल्यासारखं करतं. मग अचानक एक उलटी पलटी. स्वतःच इतकं दचकतं की थेट ढाबळीत येऊन बसतं! मग एकाच्या दोन, दोनाच्या चार. चांगला थवा असेल तर पाच-सहा कबुतरं एकदमच उलटतात आणि फूल उमलावं तशी विखरून पुन्हा गोळा होतात. इंग्लंड-अमेरिकेत याच्या स्पर्धा असतात. तिथे वीस कबुतरांच्या थव्याला वीस मिनिटांचा वेळ देतात, आणि निदान पाच कबुतरं एकाच वेळी उलटली तरच गुण मिळतात. एकट्याच्या शंभर कोलांट्यांना शून्य!

आणि आमच्या मित्राची ती दुसरी जोडी? दार उघडूनही बाहेर न येणारी? मामांनी दोघांना हातात घेतलं, छातीचं हाड चाचपलं आणि म्हणाले, “हाड लागतच नाही. पोरानं लाडानं लोणी केलंय नुसतं.” दिवसभर समोर गहू-हरभऱ्याची वाटी भरलेली. मग बाहेर कशाला जायचं? एका कबुतराला दिवसाला साधारण तीस ग्रॅम दाणे पुरतात, म्हणजे तुमची एक लहानशी मूठ. ज्वारी, बाजरी, थोडे मूग, थोडा गहू. वेळेवर द्यायचं आणि उरलेलं उचलायचं. पाणी मात्र दिवसभर हवं, आणि थोडी जाड वाळू. कबुतराला दात नाहीत, दाणे दळायला खडे लागतात.

पण लठ्ठपणा हे एकच कारण नसतं. पिसं गळायचा मोसम असेल तर पंख दुखतात, तेव्हा उडवूच नये. फार दिवस कोंडलेलं असेल तर पंखांतलं बळ गेलेलं असतं, ते हळूहळू येतं. कधी ढाबळीत रात्री मांजर शिरलेलं असतं, कधी आदल्याच दिवशी ससाण्याने झडप घातलेली असते. आजारी असेल तर विष्ठा पातळ-हिरवी दिसते, डोळे मलूल दिसतात. अशा वेळी डॉक्टर. म्हणजे न उडणारं कबुतर दिसलं, की आधी ‘का’ विचारायचं. काठी नाही उचलायची. त्या जोडीलाही मामांनी उडवायला सांगितलं नाहीच. कारण तीही मोठी, विकतची. खाणं बेताचं करून तिला जाळीच्या मोठ्या खणात ठेवली आणि पुढच्या पिल्लांची वाट पाहायला सांगितलं.

उडणाऱ्यांना खाली आणायची एक गमतीची युक्तीही मामांनी दाखवली. एक पांढरा लक्का काढून त्यांनी दारासमोरच्या फळीवर ठेवला. लक्का जड, शेपटीचा पंखा सांभाळणारा, तो काही लांब उडत नाही. पण त्याचा पांढरा रंग वरून लख्ख दिसतो. तो फळीवर आला म्हणजे जेवणाची वेळ झाली, हे वरच्यांना ठाऊक! दोन चकरांत थवा खाली आला. आमच्या शाळेच्या घंटेचं काम तिथे लक्का करतो.

वरचा शिकारी

हे सगळं ऐकून तुम्हालाही वाटेल, की उद्यापासून ढाबळ बांधावी. जरा थांबा.

थव्यात एखादं कबुतर वेगळं वागलं, की शिकारी पक्ष्याची नजर तिथेच जाते. आणि रोलर तर मुद्दामच वेगळं वागतो! शिक्रा पुण्यात बारा महिने असतो, तो झाडीतून अचानक येतो. हिवाळ्यात दूर उत्तरेकडून बहिरी ससाणा येतो. त्याचा भाऊबंद शाहीन ससाणा आपल्या सह्याद्रीच्या कड्यांवरच घरटं करतो. ससाणा उंचावरून सूर मारतो तेव्हा त्याचा वेग ताशी तीनशे किलोमीटरच्या वर जातो. कोलांटी मारणाऱ्या कबुतराला तो दिसतही नाही. महिनोन्‌महिने शिकवलेलं कबुतर डोळ्यांदेखत गेलं, की पोटात खड्डा पडतो. मी मामांचा चेहरा पाहिलाय.

मग काही जण रागाच्या भरात गलोल, बंदूक, विष असल्या गोष्टींकडे वळतात. अमेरिकेत २००७ साली असं उघडकीला आलं, की रोलर पाळणाऱ्या काही लोकांनी ससाणे-शिकरे पकडून मारले होते. सरकारी अधिकाऱ्यांनी वेश बदलून त्यांच्यात शिरून पुरावे गोळा केले आणि त्यांच्यावर खटले भरले. आपल्याकडेही शिक्रा आणि ससाणा यांना वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे पूर्ण संरक्षण आहे. आणि कायदा बाजूला ठेवला, तरी ससाण्याने काय गुन्हा केला? कबुतर आपण हौसेनं आभाळात पाठवतो, त्याला मात्र पोटासाठी यावं लागतं. मामांचा उपाय साधा आहे. ससाणे दिसायला लागले, की काही आठवडे ढाबळ बंद. कबुतरं आत, मोठ्या जाळीत. संक्रांतीच्या दिवसांतही तसंच, कारण तेव्हा आभाळात मांजा असतो. नायलॉनच्या मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ साली देशभर बंदी घातली, तरी तो चोरून विकला जातो आणि पक्ष्यांचे पंख कापले जातात. तुमच्यापैकी कोणाच्या फिरकीवर तो असेल, तर तुमच्यामुळेही कोणाचं तरी शिकवलेलं कबुतर परतणार नाही, हे लक्षात असू द्या.

आता आई-बाबांसाठी. कबुतरांच्या वाळलेल्या विष्ठेची आणि पिसांची धूळ रोज श्वासात गेली, तर काही जणांच्या फुप्फुसांना सूज येते आणि तो आजार हट्टी असतो. याच कारणावरून मुंबईत २०२५ साली कबुतरखान्यांचा मोठा वाद झाला आणि ऑगस्टमध्ये दादरचा प्रसिद्ध कबुतरखाना ताडपत्रीने झाकला गेला. चौकात पोतंभर दाणे ओतून हजारो पारव्यांना बोलावणं वेगळं, आणि दहा-वीस कबुतरांची रोज झाडलेली ढाबळ वेगळी, असं मला वाटतं. पण धोका तिथेही आहेच. घरात कोणाला दमा असेल तर कबुतरं पाळूच नयेत. ढाबळ घराच्या खिडकीपासून लांब, मोकळ्या गच्चीवर हवी. झाडण्याआधी पाणी शिंपडायचं, नाका-तोंडावर मास्क लावायचा, नंतर साबणाने हात धुवायचे. आणि सोसायटीची, शेजाऱ्यांची परवानगी आधी घ्यायची. वाडे पाडून इमारती झाल्या, गच्च्या सगळ्यांच्या झाल्या, तशा पुण्यातल्या ढाबळी कमी होत चालल्या. मामांच्या गल्लीत पूर्वी पाच होत्या, आता त्यांची एकटीच उरली आहे.

म्हणून ज्यांना पाळणं जमणार नाही, त्यांनी नुसतं पाहायलाही हरकत नाही. पावसाळा संपला की ऑक्टोबरात, सकाळी साडेसात-आठला किंवा संध्याकाळी ऊन उतरताना, एखाद्या उंच गच्चीवर वही-पेन्सिल घेऊन उभे राहा. थव्यात किती कबुतरं आहेत ते मोजा (हलत्या थव्यात मोजणं वाटतं तेवढं सोपं नाही!), ती कोणत्या बाजूने फिरतात, किती मिनिटं वर राहतात, खाली येताना कोणत्या गच्चीवर उतरतात, ते लिहा. आठवडाभर लिहिलंत तर तुम्हाला त्या ढाबळीचं वेळापत्रक सापडेल.

आणि एखाद्या संध्याकाळी पायात कडं असलेलं, दमलेलं कबुतर तुमच्या गॅलरीत येऊन बसलं, तर ते कोणाच्या तरी ढाबळीतलं वाट चुकलेलं आहे असं समजा. त्याच्यामागे धावू नका. पसरट भांड्यात पाणी ठेवा, मूठभर ज्वारी किंवा बाजरी ठेवा, भात-पाव नको. मांजर पोचणार नाही अशी जागा बघा आणि रात्रभर तिथेच राहू द्या. कड्यावर आकडे असतील तर लांबूनच वाचून लिहून ठेवा, आणि जवळपास कोणाची ढाबळ असेल तर तिथे जाऊन सांगा. बहुतेक वेळा सकाळी सूर्य वर आला, की ते गॅलरीच्या कठड्यावर येतं, मान वाकडी करून एकदा इकडे, एकदा तिकडे बघतं आणि उडून जातं.